अकरा नंबरचा कोट

लेकीकडे इंग्लंडला राहून आले म्हटलं की लोक आधी लंडनचं विचारतात. लंडन मी पाहिलं, पण त्याबद्दल मला फारसं काही सांगता यायचं नाही. तिथे सगळा वेळ मी पर्स छातीशी धरून लेकीच्या मागे पळत होते. मला सांगायचंय ते बेसिंगस्टोकचं आणि एडिनबराचं, त्यातही पाच दिवसांचं. त्या पाच दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी विमानातसुद्धा घाबरले नव्हते. तशी मी मुळातच भित्री बाई. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मला अजून दुसऱ्याचा हात लागतो. नागपूरच्या एका शाळेत चौतीस वर्षं गाणं शिकवलं, पण इन्स्पेक्शनच्या दिवशी हार्मोनियमवर हमखास चुकीची पट्टी दाबायचे ती शेवटपर्यंत.

बेसिंगस्टोक, मंगळवार

माझी लेक प्रज्ञा तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. जावई दोन महिन्यांसाठी कामाला एडिनबराला गेलेले, त्यामुळे घरात आम्ही तिघीच: मी, प्रज्ञा आणि आठ वर्षांची नात यशू. घरं सगळी एकसारखी, विटांची. पहिल्या आठवड्यात मी शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून बसले होते.

कोपऱ्यावरच्या चर्चकडून रस्त्यातल्या सगळ्या घरांत एक पत्र आलं. जर्मनीतल्या एका लहान गावातली मुलांची गायनमंडळी कार्यक्रम करायला येतेय, मुलांना दोन-दोन करून दोन रात्री घरी ठेवून घ्याल का? प्रज्ञाने मला न विचारता होकार भरून टाकला.

"अगं, लोकांची पोरं! काही झालं म्हणजे?"

"आई, स्ट्रीटवर सगळे घेतायत. आपणच नो म्हटलं तर कसं दिसेल? दोन नाइट्स. काय होणारे?"

फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावला होता. मुलांना काय चालतं, काय नाही, त्याची यादी. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कार्यक्रमाआधी तिखट नको. मी वाचलं होतं. मी मुद्दाम सांगतेय, मी तो कागद दोनदा वाचला होता.

संध्याकाळी साडेपाचला दोघं दारात उभे राहिले. योनास तेरा वर्षांचा, उंच, काडीसारखा. फिलिप दहाचा, गालांवर ठिपके. न सांगता दोघांनी बूट काढून भिंतीला लावून ठेवले, तेव्हाच मला पोरं आवडली. योनासच्या हातात एक काळी पिशवी होती आणि तिच्यात निळाशार कोट. तो घडी करू नका, टांगा, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. मी टांगायला घेतला तर त्याने अस्तर उघडून दाखवलं. आत एक जुनी पिवळट पट्टी शिवलेली होती आणि तिच्यावर एकाखाली एक नावं. प्रत्येक नाव वेगळ्या हाताने, दोऱ्याने काढलेलं. काही इतकी वेडीवाकडी की माझ्या पाचवीच्या मुलींनी काढली असती तर मी उसवायला लावली असती.

योनासचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं. त्याने जे सांगितलं ते असं. शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या चर्चशाळेतली गरीब पोरं दारोदार गात भाकरी मागायची. कोणाच्या मयतीत गायचं, कोणाच्या लग्नात गायचं. त्यातून ही मंडळी उभी राहिली. मुलांना कोट मिळतात, कोटांना नंबर असतात. कोट फाटला की नवा येतो, पण नावांची पट्टी जुन्यातून काढून नव्याला लावतात. लढाईत त्यांची शाळा जळाली, सगळ्या पट्ट्या गेल्या. फक्त ही अकरा नंबरची वाचली, कारण एका मुलाच्या आईने तो कोट शिवण घालायला घरी नेला होता. तेव्हापासून हा कोट पुढे उभं राहून एकट्याने गाणाऱ्यालाच मिळतो. दोन नावांवर काळ्या दोऱ्याची फुली होती. ती मोठी होऊन लढाईवर गेली आणि परतली नाहीत.

"आणि हे माझे ओपा," तो म्हणाला. ओपा म्हणजे आजोबा. "साडेचौदा वर्षांचे होईपर्यंत गायले."

"तुझं नाव कुठाय?"

"अजून नाही. आवाज संपतो तेव्हा स्वतः शिवायचं. सगळ्यांसमोर. मग कोट दुसऱ्याला द्यायचा."

"मग तू काय करायचं?"

"एक वर्ष गायचं नाही. अजिबात नाही. पानं उलटायची, खुर्च्या लावायच्या."

हे सांगताना तो फिलिपकडे बघत नव्हता. फिलिप मात्र कोटाकडे बघत होता. मी ते पाहिलं आणि गॅसवरची भाजी लागेल म्हणून आत पळाले.

जेवायला मी पाटवडी रस्सा केला होता. आमच्या हिशेबाने अगदी फिका, यशूच्या जोगा. पोरं खुर्च्यांच्या मागे उभी राहिली आणि त्यांनी जेवणाआधीची प्रार्थना दोन सुरांत म्हटली. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, त्याच्यासमोर रोज यशू त्रिसरण म्हणते. तिला आपल्या घरी पाहुण्यांनी म्हटलेलं इतकं आवडलं की ती म्हणाली, "आजी, आता माझा टर्न." आणि तिने आपलं म्हटलं. पोरं हात जोडून उभी राहिली. मला एवढं लक्षात आलं की योनासने सगळं खालच्या सुरात म्हटलं, आणि तेही जेमतेम. म्हटलं, दमला असेल.

योनासने रस्सा दोनदा मागून घेतला. कपाळावर घाम, नाक लाल, तरी "मोअर, प्लीज". मी वेडी खूश.

बेसिंगस्टोक, बुधवार

सकाळी योनास खाली आला तो गळ्यावर हात ठेवून. बोलेना. कागद मागितला आणि त्यावर एकच शब्द लिहिला: सूप.

 प्रज्ञाने कागद वाचला, मग फ्रिजवरचा कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आई, क्लिअरली लिहिलं होतं ना गं?"

"अगं तो फिका होता!"

"तुझा फिका, आई! तुझा फिका म्हणजे इथे अँब्युलन्स! तो सोलोइस्ट आहे त्यांचा. सॅटर्डेला एडिनबरात लास्ट कॉन्सर्ट आहे, पोस्टरवर फोटो आहे त्याचा. आता मी त्या लोकांना काय सांगू?"

 बोलायला तोंड कुठे होतं? परक्या देशात, परक्याच्या लेकराचा गळा मी एका वाटी रश्श्याने बसवला होता. तोही गाणाऱ्याचा. आयुष्यभर मुलींना सांगत आले, गाण्याआधी तेलकट-तिखट खायचं नाही, आणि माझ्याच हाताने हे झालं.

माफी मागायला मी त्यांच्याबरोबर चर्चमध्ये तालमीला गेले. त्यांच्या गुरुजींना ती मुलं कांटोर म्हणतात. उंच, पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून वही काढली आणि विचारलं, "मॅडम, त्यात नक्की काय होतं?" मी सांगत गेले. लाल तिखट, मिरी, लवंग, खसखस, भाजलेलं खोबरं. तो एकेक पदार्थ लिहून घेत होता. माझा जबाब चालल्यासारखं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "तीन दिवस विश्रांती. शनिवारी गाईल."

मग मी मागच्या बाकावर बसून त्यांची तालीम पाहिली. तशी शिस्त मी कुठे पाहिली नाही. पोरं मोज्यांवर उभी, जमिनीवर पाय वाजायला नको म्हणून. आधी कोणी गात नाही, नुसता श्वास. एक ते आठ आत, एक ते बारा बाहेर. मग एकेक मुलगा पुढे येतो आणि कांटोरसमोर एकटाच सरगम म्हणतो, खालून वर, वरून खाली. कांटोर डोळे मिटून ऐकतो. रोज सकाळी, प्रत्येकाची. कोणाला सर्दी आहे, कोण रडून आलाय, सगळं त्याला त्यात कळतं म्हणे. योनासला मात्र त्याने हातानेच बसायला सांगितलं. तीन दिवस माफ. योनास बाजूच्या खुर्चीवर बसला, आणि मला वाटलं तो सुटल्यासारखा बसला. पण माझ्या मनात तेव्हा रस्सा सोडून काही नव्हतं.

दुपारी घरी चहा-बिस्किटं. यशू फिलिपला आपला माकडाचा नाच दाखवत होती आणि सोफ्यावरून धपकन पडली. योनास हसला. खदखदून, अगदी सहज, तोंड उघडून. ते हसू वर चढलं आणि मधेच तुटून खाली आलं, जाड आवाजात.

मी हातातला कप खाली ठेवला.

तिखटाने बसलेला गळा असा तुटत नाही. तो घोगरा होतो, खरखरतो. हे वेगळं होतं. मी गाण्याची बाई आहे, हे मला झोपेतही कळेल. पोराचा आवाज फुटत होता. आणि एका दिवसात नव्हे, कितीतरी आठवड्यांपासून फुटत असणार.

योनासने माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्याला कळलं. यशू आणि फिलिप बागेत पळाले तसा तो माझ्याजवळ आला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"आजी, प्लीज. कांटोरला सांगू नका. एकच कार्यक्रम. फक्त शनिवार."

आणि मी मान डोलावली.

इथे मला माझ्या धाकट्या भावाचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय ही मान का डोलली आणि मग मला का झोप लागेना ते कळायचं नाही. आमच्या बाबांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत रोज एका वस्तीत कार्यक्रम. सुधाकर सगळ्यांच्या पुढे उभा राहून गायचा आणि बायका काम टाकून ऐकायला यायच्या. तेरा वर्षांचा होता तेव्हा त्याचा आवाज असाच तुटला. घरामागे नेऊन मला म्हणाला, ताई, बाबांना सांगू नको, एवढी जयंती होऊ दे. मी सोळाची. मी मान डोलावली. मग महिनाभर तो मिठाच्या गुळण्या करून, शिरा ताणून वरच्या पट्टीत गात राहिला. एका संध्याकाळी भर गाण्यात त्याच्या गळ्यातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, फार ताणलंय. तो आवाज पुन्हा कधी जागेवर आला नाही. एसटीत कंडक्टर म्हणून रिटायर झाला. फोनवर अजून लोक त्याला विचारतात, तब्येत बरी नाही का? मला माहीत होतं हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, आणि सुधाकरशी मी त्यावर पन्नास वर्षांत एकदाही बोलले नाही.

तर तीच मान मी बेसिंगस्टोकला पुन्हा डोलावली.

बेसिंगस्टोक, गुरुवार

सकाळी आठला त्यांची बस आली. मिठ्या, फोटो, यशूचं रडणं. फिलिपला मी चिवड्याचा डबा दिला, तिखट न घालता, प्रज्ञाने स्वतः चाखून पाहिल्यावर. बस वळणावरून गेली आणि मी वर खोली आवरायला गेले. कपाटाच्या दाराला निळा कोट लटकत होता, खाली रिकामी काळी पिशवी.

मी किंचाळलेच. प्रज्ञाने फोन केला. बस हमरस्त्याला लागली होती, वाटेत आणखी दोन गावांत त्यांचे कार्यक्रम. आम्ही उद्या जावयांकडे एडिनबराला निघणार हे प्रज्ञाने सांगितलं, तेव्हा कांटोर म्हणाला: कोट नसेल तर मुलगा रांगेत उभा राहू शकत नाही, तसा त्यांचा नियम आहे, पण योनास शनिवारपर्यंत गाणारच नाहीये, तेव्हा तुम्ही एडिनबराला येताय तर आणाल का?

"आणतो म्हणून सांग," मी म्हटलं. "मी स्वतः नेते. हातात धरून."

रश्श्याचा अपराध माझा नाही हे मला एव्हाना माहीत होतं. तरी मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी मी नीट करीन.

रेल्वेत, शुक्रवार

जावयांकडे जायची तिकिटं आधीच काढलेली होती. बेसिंगस्टोकहून लंडन, लंडनमध्ये भुयारी रेल्वेने स्टेशन बदलायचं, मग एडिनबरा. कोट मी कोणाच्या हाती दिला नाही. भुयारी रेल्वेची दारं मिटताना पिशवी अडकेल म्हणून मी ती पोटाशी घेऊन उभी, आणि यशू मला विचारतेय, "आजी, तू का बेबी पकडली आहे?"

मोठ्या गाडीत प्रज्ञाने जबरदस्तीने ती वरच्या फळीवर ठेवायला लावली. न्यूकॅसलला माझा डोळा लागला होता. उघडून पाहते तर एक गृहस्थ काळी पिशवी खांद्यावर टाकून दाराकडे चाललेला. मी शुद्ध मराठीत ओरडले, "अहो! ओ दादा! कोट!" सगळा डबा वळला. माणूस बिचारा थांबला, त्याने पिशवी उघडून दाखवली. त्याचाच सूट होता. माझा कोट फळीवर आणखी आत सरकला होता. प्रज्ञाने तोंडावर स्कार्फ घेतला.

त्यानंतर मी तो मांडीवरच घेऊन बसले. एका बाजूला समुद्र दिसायला लागला, राखाडी, आणि कड्यापर्यंत चरणाऱ्या मेंढ्या. मी मात्र अस्तर उघडून बसले होते. पट्टीची एक कड सुटली होती. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच, चार टाके घालावेत म्हणून पाहू लागले. नावं वाचली. आजोबांचं नाव पाहिलं. त्याच्यानंतरची आठ-नऊ नावं आणि मग मोकळी जागा.

तेव्हा मला प्रश्न पडला. जो मुलगा दारात पाऊल ठेवताच कोट टांगायला सांगतो, तो कोट विसरतो कसा? बुधवारी रात्रीच त्याने तो निघायच्या तयारीने पिशवीत घातलेला मी पाहिला होता. गुरुवारी पिशवी रिकामी करून, कोट बाहेर काढून, कपाटाच्या दाराला कोणी लावला?

मी नाही. प्रज्ञाला विचारलं, तिनेही नाही. सुई माझ्या हातात तशीच राहिली. कोट नाही तर रांग नाही, रांग नाही तर गाणं नाही. कोणाला काही सांगावं लागलं नसतं. आधी रस्सा, मग कोट. पोर पळायला वाट शोधत होतं आणि मी ती वाट मांडीवर घेऊन त्याच्याकडे चालले होते. गाडी पुढे जात होती आणि मला ती थांबावी असं वाटत होतं.

एडिनबरा, शनिवार

एडिनबरा सुंदर आहे, यात वाद नाही. गावाच्या मधोमध उभा काळा खडक आणि वर किल्ला. काळवंडलेल्या दगडांच्या उंच इमारती, त्यांच्या मधून खाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या. वारा असा की माझा पदर एका पर्यटकाच्या तोंडावर गेला. जावयांनी मसुराचं सूप खाऊ घातलं, सोबत जवाचा पाव. आमच्या वरणाची चव होती. दुसरी कोणती वेळ असती तर मी दोन वाट्या प्याले असते. तीन चमचे कसेबसे गेले.

दुपारी एकला मी एकटीच कोट घेऊन चर्चमध्ये गेले. प्रज्ञाला म्हटलं, तू नको येऊस, मी बघते. तालीम अजून सुरू व्हायची होती. योनास दाराजवळच्या पायऱ्यांवर बसला होता. माझ्या हातातली काळी पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थँक यू, आजी," तो म्हणाला. तेवढ्यातच आवाज दोनदा घसरला.

"तू मुद्दाम ठेवलास."

 त्याने कोट अंगात घातला आणि तो बाजूच्या लहान खोलीत शिरला. मी मागोमाग. त्याने माझ्यासमोर सरगम सुरू केली. तीन सूर ठीक. चौथ्याला मान पुढे आली. पाचव्याला गळ्याची शीर दोरीसारखी वर आली, डोळ्यांत पाणी, आणि तो ढकलत होता, जिवाच्या आकांताने ढकलत होता. ती शीर मी ओळखत होते. मी दार लावून घेतलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बस. बस कर रे बाळा."

"ओपा साडेचौदापर्यंत गायले!" तो ओरडला. "मी फक्त तेरा वर्षांचा आहे!"

मला इंग्रजीत समजावता येईना. घाबरले की माझं इंग्रजी आधीच जातं. मग मी जे सुचलं ते केलं. फोन काढला आणि सुधाकरला लावला. तिकडे संध्याकाळ झाली असणार. फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"जयभीम, ताई. बोल ना. कशी आहेस?"

त्या छोट्या खोलीत तो आवाज पसरला. खरखरीत, मधे मधे नुसती हवा. मला सवय आहे, म्हणून मी तो कधी नीट ऐकलाच नव्हता. त्या दिवशी ऐकला.

"काही नाही रे. सहज. नंतर करते," मी म्हटलं आणि ठेवला.

योनास फोनकडे बघत होता. "आजारी आहेत?"

"नाही. माझा भाऊ. तुझ्यासारखा गायचा. तेरा वर्षांचा होता. आवाज तुटला, त्याने लपवला. फक्त मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." आणि मग मी सांगून टाकलं, "बुधवारी मी तुला हो म्हटलं ते चुकलं. आता मी कांटोरकडे जाते. तू ये, नाहीतर नको येऊस. माझ्यावर रागव. पण मी जाते."

 सगळ्या चर्चच्या मधून चालत जायचं होतं. अर्ध्यावर गेले असेन, तेव्हा मागे मोज्यांवरची पावलं ऐकू आली. तो मला ओलांडून पुढे गेला.

तो कांटोरशी जर्मनमध्ये बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. फक्त एवढं ऐकलं की एका वाक्यात त्याचा आवाज तीनदा फुटला, आणि रांगेतली एवढी पोरं, एकही हसलं नाही.  मग कांटोर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मलाही ते सूपच असावं असं वाटत होतं, मॅडम. मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं."

नाव शिवायचं होतं. त्यांच्या पेटीतली सुई होती, पण योनासला दोरा ओवता येईना. मलाही जमेना. शेवटी फिलिपने ओवला. योनास कोट मांडीवर घेऊन पायरीवर बसला, सगळी पोरं भोवती उभी. मी शेजारी बसून फक्त टाका कसा घ्यायचा ते दाखवलं, हात लावला नाही. त्यांच्या लिपीतल्या पाच अक्षरांना पाऊण तास लागला. तिसरं अक्षर उलटं झालं. मी म्हटलं, उसवून देऊ? तो म्हणाला, नको.

मग त्याने कोट फिलिपच्या अंगावर चढवला. बाह्या बोटांच्याही खाली गेल्या. त्या मी आत दुमडून कच्च्या टाक्यांनी धरल्या, आणि हे काम मात्र मला छान जमलं. फिलिपलाही तो सोलो, म्हणजे एकट्याने गायचा भाग, येत होता. एका सोलोला नेहमी दोन मुलं तयार असतात, तशी त्यांची पद्धतच आहे.

संध्याकाळी मी तिसऱ्या बाकावर, यशूचा हात घट्ट धरून. फिलिप पुढे आला तेव्हा वाटलं, याला काही झालं म्हणजे? एवढंसं पोर, एवढं मोठं चर्च. शेवटचा सूर संपेपर्यंत मी श्वास घेतला असेन असं वाटत नाही. तो आवाज वरच्या कमानीपर्यंत गेला आणि एकदाही डगमगला नाही. बाजूला योनास साध्या शर्टात उभा राहून कांटोरची पानं उलटत होता. एकही पान चुकलं नाही.

नागपूर

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी सुधाकरकडे गेले. चॉकलेटं दिली, प्रज्ञाने पाठवलेलं स्वेटर दिलं. मग फोनवरचं फिलिपचं गाणं लावलं. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. त्यानंतर मी त्याला सगळं सांगितलं. रस्सा, कोट, ती खोली, त्या दिवशी मी सहज म्हणून फोन का केला होता ते. आणि पन्नास वर्षं न सांगितलेलंही सांगितलं, की मला कळत होतं, मी बाबांना सांगायला हवं होतं.

 भावजय चहा घेऊन आली, गेली.

"तो मोठा पोरगा," त्याने विचारलं, "तो आता काय करतो?"

"काही नाही. एक वर्ष गायचं नाही म्हणून सांगितलंय. नुसता आराम. मग खालचा आवाज येतो, आणि मागच्या रांगेत पुन्हा गायला लागतात. त्याचे आजोबा तसेच म्हातारपणापर्यंत गायले."

सुधाकरने कप खाली ठेवला.

"एक वर्ष?" तो म्हणाला. "एवढंच गप्प बसायचं होतं, ताई?"